पोहण्याचा रकाना

॥ श्री ॥

अल खोर, कतार
१४ जून २०२४

चि. सौ. चैत्रालीस,
विभाताईचे अनेक आशीर्वाद. सचिनरावांना नमस्कार, गार्गीला पापा.

पत्र बघून हसशील. कालच फोनवर दीड तास गेला आणि तरी मी कागद घेऊन बसले आहे. पण फोनवर तुझ्यामागे सचिनरावांचा मिक्सर, माझ्यामागे विजयचा टीव्ही, आणि मनातलं मनातच राहतं. आपण हॉस्टेलवर असताना अण्णांनी लावलेली सवय, दुसरं काय. लिहायचं, फोटो काढून पाठवायचा आणि कागद डब्यात टाकायचा. माझे बिस्किटांचे दोन डबे भरले बाई.

तर बातमी अशी की कैवल्यचा व्हिसा आला! सत्तावीस तारखेला विमानात बसवते. त्याच्या गळ्यात पाकीट अडकवून विमान कंपनीची बाई त्याला झुरिकपर्यंत नेणार आणि तुझ्या हातात देऊन सही घेणार. आम्हा दोघांना काही जमत नाही. विजयच्या रास लफानच्या गॅस प्रकल्पात दुरुस्तीचं शटडाऊन आहे, पहाटे साडेचारच्या कंपनीच्या बसने जातो आणि आला की जेवता जेवता पेंगतो. माझ्या लॅबमधल्या दोघी बाळंतपणाच्या रजेवर, त्यामुळे मला रजा मागायचीही सोय नाही. म्हणून मी व्हिसाच काढला नाही माझा.

इथे आता घराबाहेर पाऊल टाकवत नाही. सकाळी सातला सायकलची दांडी हाताला चटका देते. पोरं घरात, एसीत, मोबाइलमध्ये. आपलं ध्यान दहा वर्षांचं झालं, अजून मातीत खेळलेलं नाही. मागच्या शुक्रवारी विजय म्हणाला, चल, दोह्याला मॉलमध्ये जाऊ, तर म्हणतो कसा, त्या मॉलचं छत मला पाठ झालंय. तेव्हाच ठरवलं, हा उन्हाळा मावशीकडे.

तू पाठवलेला तुमच्या मुलांच्या क्लबचा, सुट्टीतल्या उपक्रमांचा फॉर्म भरून टाकला. काय एकेक रकाने गं! गाढवाजवळ गेला तर शिंका येतात का, हेसुद्धा. मी धडाधड खुणा केल्या. बारा वर्षं या देशात कागद भरून मी एक शिकले आहे. अल नस्रच्या टायपिंग सेंटरमधला, लोकांचे फॉर्म भरून देणारा युसुफभाई पहिल्याच वर्षी म्हणाला होता की मॅडम, जिथे 'नाही' असं लिहाल तिथून कागद परत येईल. तेव्हापासून माझा एकही कागद परत आलेला नाही. पोहण्याचं विचारलंय, तेही लिहिलं. आमच्या वसाहतीच्या कंपाउंडमधल्या तलावात दोन वर्षं रिफत सरांकडे शिकतो तो. त्याचं सर्टिफिकेट सोबत पाठवते, सोनेरी कडेचं आहे, मेडलसुद्धा मिळालंय. क्लबला दे.

त्याच्याशी मराठीत बोल. कळतं सगळं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. आणि भाजी टाकली तर ऐकून घेऊ नकोस.

बाकी क्षेम. लोभ आहेच, तो माझ्या लेकावरही थोडा सांड.

तुझी,
विभाताई


॥ श्री ॥

बाझल, स्वित्झर्लंड
९ जुलै २०२४

ती. सौ. विभाताईस,
चैत्रालीचा सा. न. वि. वि.

तुझा लेक सुखरूप आहे, खातो आहे, आणि काल दुधी भोपळ्याची भाजी काय आहे हे न कळता दोनदा घेऊन बसला. तू त्याला सांगू नकोस.

पहिल्या दिवशी बागेत नेलं तर हिरवळीच्या कडेला उभा राहिला आणि मला विचारलं की यावर बसायची परवानगी आहे का. मी म्हटलं, लोळ. मग जो लोळला, जो लोळला! घरी आणला तर शर्टाचा रंग ओळखू येईना. ताई, मला इतकं भरून आलं. आता रोज काहीतरी असतं. सोमवारी गाढवांना खरारा केला (शिंका आल्या नाहीत). बुधवारी संग्रहालयात मातीची भांडी केली, त्यातलं एक तुझं आहे, वाडगा म्हण किंवा पणती म्हण. इथे चौकातल्या कारंज्यात पोरं कपड्यांसकट उतरतात, कोणी ओरडत नाही. तोही उतरला. नदीवर इंजिन नसलेली लाकडी नाव आहे, वरच्या तारेला बांधलेली, पाण्याच्या जोरावर पलीकडे जाते. त्यात बसून त्याने तीनदा विचारलं की इंजिन कुठे लपवलंय.

गार्गीने त्याला ताब्यात घेतलंय. मराठीत मागितलं तरच आइस्क्रीम, असा तिचा कायदा आहे. परवा दुकानात उभं राहून त्याने 'मला ते पिवळं पाहिजे' असं इतक्या मोठ्याने म्हटलं की दुकानदारसुद्धा हसला. सोळा वर्षांची झाली माझी ठमी, पण यंदा क्लबने तिला मदतनीस केल्यापासून गळ्यात शिट्टी घालून शहराची महापौर असल्यासारखी फिरते. सचिन तिला घरात शिट्टी वाजवू देत नाही म्हणून बापलेकींचं रोज वाजतं.

ऑगस्टमध्ये क्लब मोठ्या मुलांना ऱ्हाइनमध्ये पोहायला नेतो. इथे ती पद्धतच आहे. कपडे एका रबरी पिशवीत घालायचे, ती फुगवायची, आणि ती धरून काठाकाठाने प्रवाहाबरोबर खाली यायचं. ऑफिस सुटल्यावर अर्धं शहर असं वाहत घरी जातं. मला आणि सचिनला पोहण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण पोहता येणाऱ्यांचाच गट असतो आणि दर पाच मुलांमागे एक मोठा माणूस. तू दिलेलं सर्टिफिकेट मी त्यांच्याकडे दिलं आहे. तुझी हरकत नाही ना, तेवढं कळव.

भावोजींना सांग, झोपेत जेवू नका. मोठ्यांना नमस्कार, आणि माझ्यावरची माया आहे तशी राहू दे.

तुझी,
चैतू


बाझल
२१ जुलै २०२४

प्रिय विभामावशीला,
शि. सा. न. वि. वि. (आई म्हणाली वर असं लिहायचं. अर्थ मला माहीत नाही, पण तुला तो भरपूर.)

हे पत्र आईने वाचलेलं नाही. मी स्वतः फोटो काढून पाठवते आहे. चुका असतील तर हस, पण आईला दाखवू नकोस, नाहीतर ती मला परत पंधरा ओळी शुद्धलेखन देईल.

कैवल्य मस्त आहे. खूप बडबड करतो, पण रात्री तुझं नाव घेत नाही, म्हणजे खूश आहे. तो मला 'गार्गी ताई यू आर टू मच' म्हणतो. मी म्हणते मराठीत म्हण. मग तो म्हणतो, 'ताई तू फार आहेस.' मला ते इतकं आवडलं की मी ते माझ्या वहीवर लिहिलं आहे.

आता खरं काम. गुरुवारी आम्ही शहराच्या मोठ्या तलावावर सराव केला. कैवल्य उथळ बाजूला छान पोहतो. पण खोल बाजूला तो कठडा सोडत नाही. दोनदा सोडला, तेव्हा तो पायाच्या बोटांनी खाली जमीन शोधत होता. पोहणारा माणूस असं करत नाही, मावशी. मी विचारलं तर म्हणाला, मला मेडल मिळालंय. मी म्हटलं, आपण मोठ्या सरांना सांगू, ते तुला छोट्यांच्या गटात घालतील, तिथे पण मजा असते. तर तो रडला. म्हणाला, तिथे सगळी पाच वर्षांची आहेत आणि मला माझ्या ताईबरोबर राहायचंय.

मला कळत नाही काय करू. फॉर्मवर तू लिहिलं आहेस की खोल पाण्यात दोनशे मीटर येतं. कदाचित तो फक्त घाबरट असेल, मीपण होते. पण तू त्याची आई आहेस, तुला माहीत असेल. खरं सांग, त्याला येतं का? नाही म्हणालीस तर मी सरांना सांगते, तो दोन दिवस माझ्याशी बोलणार नाही, चालेल. आईला मी अजून काही बोलले नाही, ती लगेच सगळंच बंद करेल. तू सांगशील तसं करते.

तुझ्या हातच्या पुरणपोळीवर लोभ आहे, तो असू द्यावा.

तुझी शिट्टीवाली,
गार्गी


॥ श्री ॥

अल खोर
२३ जुलै २०२४

चि. गार्गीस,
विभामावशीचे खूप खूप आशीर्वाद.

काय गोड पत्र लिहिलंयस गं! शुद्धलेखन माझ्या विजयपेक्षा बरं आहे, आईला खुशाल दाखव.

आमच्या साहेबांची नाटकं चालू आहेत, दुसरं काही नाही. पोहता येतं त्याला. इथला तलाव उथळ आहे ना, म्हणून खोल पाणी दिसलं की जरा बिचकतो. एकदा उतरला की होईल सगळं. लहानपणी सायकलचंही असंच केलं होतं, हात सोडल्यावरच चालवायला लागला. तू फक्त धीर दे आणि जवळ राहा. छोट्यांच्या गटात मात्र घालू नकोस हं. दहा वर्षांच्या पोराला चिल्ल्यापिल्ल्यांत बसवलं की नाक कापल्यासारखं होतं, आणि इथे परत आल्यावर मित्रांना काय सांगेल? मी फॉर्मवर लिहिलंय ते विचार करूनच.

आणि हे आईला सांगत बसू नकोस. ती उगीच जीव टांगणीला लावून घेते. आपल्या दोघींत राहू दे.

येत्या दिवाळीला पुरणपोळ्या नक्की. अशीच गुणी राहा, मावशीची आठवण ठेव.

तुझी,
विभामावशी


बाझल
२५ ऑगस्ट २०२४

ती. सौ. विभाताईस,
चैत्रालीचा नमस्कार.

आज एकोणीस दिवस झाले. तू फोन उचलत नाहीस. उचलू नकोस, ते बरोबरच आहे. मीही बोलू शकणार नाही म्हणून लिहिते आहे.

भावोजी इथे दोन दिवस होते, पण त्यांच्याशी धड बोलणं झालं नाही. कंपनीचा व्हिसा होता म्हणून ते तरी येऊ शकले. तुला किती कळलंय मला माहीत नाही, म्हणून जे मला सांगितलं गेलं ते सगळं तुला सांगते. सहा तारखेला क्लबने अकरा मुलांना नदीत उतरवलं. गार्गी शेवटी होती, कैवल्य तिच्यापुढे. पोहणाऱ्यांसाठी काठालगत पट्टा आखलेला असतो. दुसऱ्या पुलाच्या पुढे सरांनी वळून पाहिलं तेव्हा ते दोघं पट्ट्याच्या बाहेर होते. कैवल्यची पिशवी सुटलेली होती. गार्गीने त्याला ढकलून एका तरंगत्या खुणेपर्यंत पोहोचवलं, तिथे त्याला दुसऱ्या मदतनिसाने धरलं. ती स्वतः मागे वळू शकली नाही. काठाला मालवाहू बोट बांधलेली होती, प्रवाहाने गार्गीला त्या बोटीखाली नेलं. चाळीस मिनिटांनी सापडली.

कैवल्यला काही झालं नाही, हा देवाचा केवढा उपकार. मी त्याला दवाखान्यात पाहिलं तेव्हा तो थरथरत होता आणि त्याने माझ्याकडे बघितलं नाही. कसं बघेल?

ताई, मी तुझ्या पाया पडते. तुझा मुलगा तू माझ्या भरवशावर पाठवलास. माझ्या मुलीने त्याला पट्ट्याबाहेर का नेलं मला कळत नाही. सगळे हेच विचारतात. सर म्हणाले की मुलगा चांगला पोहणारा होता, तो आपणहून इतका बाहेर वाहत जाणार नाही, तिनेच मजा म्हणून नेलं असणार. ती तशी नव्हती असं मी म्हणते, आणि मग वाटतं, गळ्यात शिट्टी आल्यापासून हवेतच होती. मीच डोक्यावर चढवली.

माझ्या मुलीच्या वतीने मी तुझी माफी मागते. कैवल्यला जवळ घे. त्याला सांग, मावशी रागावलेली नाही.

तुझी,
चैत्राली


अल खोर
८ सप्टेंबर २०२४

चि. सौ. चैत्रालीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. किती वेळा लिहायला बसले आणि उठले. काय लिहू बाळा?

माफी मागू नकोस. आमच्या मनात गार्गीबद्दल काहीही नाही. पोरवय होतं, त्या वयात होतं असं, तिने काही मुद्दाम केलं नाही. शेवटी तिनेच त्याला वाचवलं हेही आम्ही विसरलेलो नाही. तू स्वतःला दोष देणं बंद कर. जेवतेस ना? सचिनरावांना सांभाळ.

कैवल्य बरा आहे. शाळा सुरू झाली. बोलतो कमी. राखीपौर्णिमेला दिवसभर खोलीतून बाहेर आला नाही. काल गणपती बसले, आरतीला मात्र उभा राहिला.

विजय म्हणतो की क्लबचं आणि पोलिसांचं जे काही चाललंय ते त्यांचं त्यांना करू दे, आपण लिहून काही देऊ नये. इथे परदेशातल्या पोलिसांच्या कागदावर नाव आलं तर रास लफानच्या गेटपासपर्यंत प्रश्न येतात. तूही विषय वाढवू नकोस. गेलेली पोर परत येणार नाही.

काळजी घे. तुझी आठवण सारखी येते.

तुझी,
विभाताई


बाझल
३० सप्टेंबर २०२४

ती. सौ. विभाताईस,
नमस्कार.

तुझ्या पत्राने धीर आला. तुझ्या मनात राग नाही, एवढ्यावर मी उभी आहे.

चौकशीचा कच्चा अहवाल आमच्याकडे आला. सचिनने वाचला आणि टेबलावर ठेवून बाहेर निघून गेला. त्यात लिहिलंय की मदतनीस गार्गी हिने शिस्त मोडून एका सक्षम पोहणाऱ्या मुलाला आखलेल्या पट्ट्याबाहेर नेले. आमचं काही म्हणणं असेल तर एकतीस ऑक्टोबरपर्यंत कळवायचं, नाहीतर हाच पक्का. पुढच्या वर्षीपासून नव्या मदतनिसांना शिकवताना हा प्रसंग सांगणार आहेत, नाव न घेता. नाव कशाला घ्यायला हवं? सगळ्या गावाला माहीत आहे. तिच्या वर्गातल्या मुलींच्या आया मला दुकानात पाहून दुसऱ्या रांगेत जातात.

खरं सांगू? मी तिचा भिंतीवरचा फोटो काढून ठेवला. पाहवत नाही म्हणून नव्हे गं. मला तिचा राग येतो. एवढी शहाणी म्हणवायचीस, मग का नेलंस लहान पोराला? मी रिकाम्या खोलीत उभी राहून मेलेल्या मुलीला रागावते. सचिनलाही तसंच वाटतं. आम्ही दोघं एका घरात राहतो आणि तिच्याविषयी एक अक्षर बोलत नाही.

एकच मागते. कैवल्यला हळूच, त्याला त्रास न देता, विचारशील का की ताई त्याला पाण्यात काय म्हणाली होती? तो जे सांगेल ते ऐकायची माझी तयारी आहे. तिने चूक केली असेल तर केली. पण का केली एवढं कळलं तर मी तिला माफ तरी करीन.

तुझी,
चैतू


अल खोर
११ ऑक्टोबर २०२४

चैतू,

आज आशीर्वाद लिहायचा मला अधिकार नाही. हे पत्र वाचण्याआधी सचिनरावांना शेजारी बसव.

कैवल्यला पोहता येत नाही. कधीच येत नव्हतं. आमच्या कंपाउंडच्या तलावात पाणी त्याच्या छातीपर्यंत आहे. तो एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायचा, मध्ये दोनदा पाय टेकायचा. मी कठड्यावर बसून रोज ते पाहिलं आहे. रिफत सर वर्षाअखेरीला सगळ्या मुलांना सर्टिफिकेट देतात, सगळ्यांना मेडल देतात, नाहीतर आया पुढच्या वर्षी पोरं पाठवत नाहीत. हे मला माहीत होतं. फॉर्मवर स्पष्ट विचारलं होतं, पाय न टेकता खोल पाण्यात दोनशे मीटर पोहता येतं का. मी हो वर खूण केली. एक क्षणही थांबले नाही. माझा हात आता असाच झालाय, जिथे 'नाही' लिहायचं असतं तिथेही तो 'हो' लिहितो आणि पुढचा रकाना भरतो. इथे तसं केलं की कागद पुढे सरकतो, काम होतं, कोणाचं काही बिघडत नाही. मला वाटलं, हा तसलाच एक कागद.

पण ती पहिली चूक. दुसरी चूक नव्हती गं, ते पाप होतं. गार्गीने मला पत्र लिहून विचारलं होतं. तिला कळलं होतं. तुला, सचिनरावांना, त्या क्लबच्या सरांना, कोणाला नाही कळलं ते सोळा वर्षांच्या पोरीला कळलं. तिने सरळ विचारलं की मावशी, खरं सांग, त्याला येतं का, नाही म्हणालीस तर मी त्याला छोट्यांच्या गटात घालते. मी तिला लिहिलं, येतं, तो नाटकं करतो, तू फक्त जवळ राहा. वर हेही लिहिलं की आईला सांगू नकोस. ती जवळ राहिली. तिने तुला सांगितलं नाही. मी म्हटलं ते सगळं तिने ऐकलं. तिचं पत्र आणि माझं उत्तर, दोन्ही सोबत पाठवते आहे. फोन आला त्या दिवसापासून मला हे माहीत होतं, आणि तुझं माफीचं पत्र आलं तेव्हाही. तू माझ्या पाया पडलीस आणि मी तुला पोरवय म्हणून समजावलं. चैतू, मी ते पत्र लिहिलं तेव्हा माझा हातसुद्धा कापला नाही.

परवा कैवल्यच्या शाळेतून एक कागद आला. पोहण्याच्या तासासाठी, येतं की येत नाही. मी पेन घ्यायच्या आत त्याने ते उचललं आणि येत नाही यावर खूण केली. दोनदा गिरवली. मग माझ्याशी मराठीत बोलला. दोन महिन्यांत पहिल्यांदा इतकं बोलला. म्हणाला, ताईने मला बाहेर नेलं नव्हतं. पाणी खूप गार होतं, पाय खाली लागेनात, मी पिशवी सोडली आणि वाहत गेलो. ती मला आणायला बाहेर आली. सारखी म्हणत होती की घाबरू नकोस, मी आहे. बाबा विमानात म्हणाले होते की याबद्दल कोणाशी बोलायचं नाही, म्हणून मी बोललो नाही. मग त्याने मला विचारलं की आई, तू फॉर्मवर खोटं का लिहिलंस? त्याला पहिल्यापासून माहीत होतं. मी त्याला म्हटलं की चूक माझी, तुझी नाही आणि ताईची तर नाहीच. त्याने ऐकून घेतलं आणि आत निघून गेला.

आज सकाळी मी सगळं लिहून, सही करून, दोन्ही पत्रांसकट क्लबला आणि तिथल्या पोलिसांना पाठवलं. विजयला पाठवल्यानंतर सांगितलं, आधी सांगितलं असतं तर त्याने पाठवू दिलं नसतं. त्याने डोक्याला हात लावला. म्हणाला, बारा वर्षांची नोकरी, घर, पोराची शाळा, सगळं तू एका कागदावर पणाला लावलंस. मी म्हटलं, तिचं नावही मी एका कागदावरच लावलं होतं. तो चपला घालून बाहेर पडला. पुढे काय होईल मला माहीत नाही. होऊ दे.

तू तिच्यावर चिडतेस असं लिहिलंस ना, ते वाचलं आणि त्यापुढे मला गप्प बसता आलं नाही. तरी दहा दिवस बसले, हेही लिहून ठेवते. तिचा फोटो परत लाव. तुझ्या मुलीने एकही चूक केली नाही. विचारायला पाहिजे तिथे विचारलं, जायला नको होतं तिथे गेली ती फक्त माझ्या मुलासाठी.

मला माफ करशील का, हे विचारायची लाज वाटते, तरी विचारते.

विभा


बाझल
५ नोव्हेंबर २०२४

विभाताई,

तुझं पत्र मी सचिनला वाचून दाखवलं. गार्गीने तुला विचारलं ती ओळ त्याने मला पुन्हा वाचायला लावली. मग आणखी एकदा. तीन महिन्यांत पहिल्यांदा तो माझ्यासमोर रडला आणि आम्ही तिच्याविषयी बोललो. संध्याकाळपासून सुरुवात केली ती जेवायचं राहूनच गेलं. ती चार वर्षांची असताना किराणा दुकानात हरवली होती आणि आम्ही रडत होतो तर हीच गल्ल्यावर बसून आमची वाट पाहत होती, हेसुद्धा बोललो. दिवाळी केली नाही. पण फोटो लावला.

तुझा कागद पोहोचला. काल क्लबचे सर स्वतः घरी आले. अहवाल बदलला आहे. त्यात आता लिहिलंय की मदतनीस गार्गी हिने धोका वेळीच ओळखून मुलाच्या पालकांना विचारणा केली होती, पालकांनी चुकीची माहिती दिली, आणि मुलाला वाचवताना तिचा मृत्यू झाला. तुझं नाव आहे त्यात, पूर्ण, पत्त्यासकट. मी सरांना ते गाळायला सांगितलं नाही.

तू विचारलंस, माफ करशील का. नाही गं. मी प्रयत्न करून पाहिला. फॉर्मचं कदाचित केलंही असतं, माणसाच्या हातून होतं. पण माझी मुलगी विचारत होती आणि तू तिला आईला सांगू नकोस म्हणालीस. तिने मला एक शब्द सांगितला असता तर आज ती घरात शिट्टी वाजवत असती आणि सचिन ओरडत असता. नंतर तू मला दोन महिने तिच्यावर रागावू दिलंस. तो राग मी तिच्या खोलीत उभी राहून बोलून दाखवला आहे, आणि तो आता मला परत घेता येत नाही. त्यामुळे माफी माझ्याकडे मागू नकोस, माझ्याकडे नाही ती.

तुला आणखी पत्र लिहायची माझी इच्छा नाही. तूही लिहू नकोस. नाशिकला आपल्या आईला काय सांगायचं ते तू सांग, खरं सांग.

कैवल्यविषयी मात्र ऐक. त्याला आता घरात कोणी जवळ घेतं का, मला शंका आहे. भावोजींना नोकरीची काळजी, तुला तोंड दाखवायची लाज, आणि तो पोरगा मध्ये बसून समजतो की ताई आपल्यामुळे गेली. त्याला हे आयुष्यभर घेऊन जगायचंय. माझ्या मुलीने जीव देऊन वाचवलेलं पोर आहे ते. तुझ्या एकटीच्या हातात ते मी सोडणार नाही.

जूनमध्ये शाळा सुटली की त्याला माझ्याकडे पाठव. विमानतळावर मी येईन, सही मी करीन. छोट्यांच्या उथळ तलावात त्याचं नाव घालते, पाच वर्षांच्या पोरांत बसावं लागेल, बसेल तो. मीही त्याच्याबरोबर उतरणार आहे, मी माझंही नाव घातलंय. फॉर्म या वेळी मी भरीन.

त्याला एकट्याला पाठव. तू येऊ नकोस.

चैत्राली